वाचकांचे प्रश्न : उद्योगांची उबवणी, गाळ्यांपलीकडे

प्रश्न : आमच्या संस्थेकडे दहा हजार चौरस फुटांचे जुने गोदाम पडून आहे. बारा-पंधरा गाळे पाडून ग्रामीण उद्योगांसाठी इन्क्युबेटर (नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला देऊन उभे करणारे केंद्र) सुरू करावा, असे घाटते आहे. सुरुवात बांधकामापासून करावी का?

उत्तर : बांधकाम सगळ्यात शेवटी. गंमत अशी, की ही कल्पना जन्मली तीच एका रिकाम्या इमारतीत. अमेरिकेतील बटाव्हिया गावात शेती अवजारांचा कारखाना बंद पडला आणि साडेआठ लाख चौरस फूट जागा ओस पडली. सगळी जागा घेणारा एक भाडेकरू मिळेना, म्हणून जोसेफ मॅनकुसो यांनी 1959 मध्ये ती तुकड्यांनी द्यायला सुरुवात केली; जोडीला सल्ला आणि भांडवल मिळवायला मदत. भाडेकरूंत एक कोंबडीची पिल्ले उबवणारा होता, त्यावरून थट्टेत ‘इन्क्युबेटर’ हे नाव पडले. लोकांनी उचलली ती इमारत. सल्ल्याचा भाग मागे राहिला.

आधी यादी करा : आज प्रत्यक्ष काही विकणारे किती जण आहेत? ‘करायचे आहे’ म्हणणारे वेगळ्या कागदावर. विकणाऱ्यांना विचारा, की माल कशापायी अडतो : जागा, यंत्र, परवाना, गिऱ्हाईक की खेळते भांडवल? बहुतेकांचे उत्तर ‘जागा’ नसेल, तर गोदामाला हात लावू नका.

उत्तर ‘जागा’च आले, तर हिशेब कडक धरा. वाट, कार्यालय, माल चढवा-उतरवायची जागा आणि सामायिक यंत्रे यांत साधारण तिसरा हिस्सा जातो. उरलेल्या साडेसहा हजार फुटांपैकी पहिल्या वर्षी निम्मेच भाड्याने जातील असे धरा. त्या सव्वातीन हजार फुटांच्या भाड्यातून वीज, दुरुस्ती आणि व्यवस्थापकाचा पगार निघत नसेल, तर तूट कोण भरणार हे आधी लेखी ठरवा. नाहीतर व्यवस्थापकाचे वर्ष अनुदानाचे अर्ज लिहिण्यात जाते आणि गाळेधारकांकडे बघायला त्याला सवड उरत नाही. आमच्या मते केंद्र बुडण्याचे हेच मुख्य कारण.

प्रश्न : सामायिक प्रक्रिया केंद्रात घरगुती चटण्या-सॉस मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, की चव बिघडते, कधी बाटल्या फुगतात. दोष यंत्राचा का?

उत्तर : बहुतेक वेळा दोष पाककृती नुसती गुणून काढण्याचा. 5 लिटरच्या पातेल्यात जेवढ्या मिश्रणाला जेवढा उघडा पृष्ठभाग मिळतो, तेवढा 100 लिटरच्या वाफेच्या कढईत मिळत नाही. पाणी आटायला वेळ लागतो, मसाला जास्त शिजून कडवट होतो. ‘चमचा’, ‘मूठ’ हे शब्द काढून सगळे ग्रॅममध्ये लिहा, 5 वरून 20, मग 50, मग 100 असे चढत जा आणि शिजण्याची वेळ न मोजता अखेरचे वजन मोजा : 100 किलोचे 70 झाले, की आच बंद.

बाटली फुगणे मात्र गंभीर. हवाबंद आंबट पदार्थाचा पीएच (आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या वर राहिला, तर घातक जिवाणूंना वाव मिळतो. काही वेळा बाटली न फुगताही. म्हणून 4.2 च्या आसपास थांबा. या सीमेवर कागदी पट्टीचा भरवसा धरू नका. पीएच मीटर रोज 4 आणि 7 पीएचच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या आणि मिश्रण वाटून, थंड करून मोजा. नुसत्या रसाचा आकडा आंबट येतो आणि आतली फोड तशी नसते.

वेळापत्रकातही चूक होते. चार तासांच्या पाळीतला दीड तास मांडामांड आणि धुण्यात जातो, तो मोजूनच पाळ्या द्या. शेंगदाणे, सुका मेवा किंवा दूध वापरणाऱ्यांना दिवसाची शेवटची पाळी द्यावी, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणारे त्यांचे कण दुसऱ्यांच्या मालात जाणार नाहीत. फरशीला मोरीकडे मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार हवाच. तो नंतर काढायचा तर सगळी फरशी उखडावी लागते.

प्रश्न : पाच वर्षे झाली तरी जुने गाळेधारक हलत नाहीत. काढायचे कसे?

उत्तर : करारात मुदत नसेल, तर ते का हलतील? तीन वर्षे ठरवा आणि भाडे चढते ठेवा : पहिल्या वर्षी बाजारभावाच्या निम्मे, दुसऱ्या वर्षी पाऊण, तिसऱ्या वर्षी पूर्ण आणि पुढे सव्वापट. दर तीन महिन्यांनी विक्री, येणे आणि हातातली रोकड, एवढेच आकडे मागा. खेड्यात बाहेर जायला जागाच नसते ही तक्रार मात्र खरी; म्हणून तिसरे वर्ष लागताच नवी जागा शोधणे हे केंद्राचेही काम. एखादा जुना, नियमित भाडे भरणारा ठेवायला हरकत नाही. पण सव्वापट भाड्यानेच.

प्रश्न : आमची गावे विखुरलेली आहेत. चाळीस किलोमीटरवरून केंद्रावर कोण येणार?

उत्तर : कुणी येणार नाही. महाग यंत्रे तेवढी एका जागी ठेवा आणि व्यवस्थापकालाच फिरते करा. ठरलेला वार, ठरलेली खोली, वह्या तपासायला दोन तास. पहिले काही आठवडे कुणीही फिरकणार नाही, तरी वार चुकवू नका. एकदा चुकला, की लोक पुन्हा विचारत नाहीत.