२१२ दिवस रोज स्टडी केली, आणि मग पेनच हातात धरवेना

"रोज करतेय तरी सुधारत नाहीये, मग माझ्यात ते नाहीचे असंच ना?" मी समुपदेशनाचं काम करते, स्वतःच्या स्वतः चित्रकला शिकणारं कोणी माझ्याकडे आलं की हे वाक्य कधी ना कधी येतंच, कोणी पहिल्या पाच मिनिटात बोलतं, कोणाला चौथं सेशन लागतं.

आज अशाच एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि एक-दोन प्रसंग तर दुसऱ्याच एका मुलाचे आहेत जे मी हिच्यात मिसळून टाकलेत.

वय तिशीच्या आत, दिवसभर नोकरी, रात्री सगळं आवरलं की टॅबलेट उघडून डिजिटल पेंटिंग. क्लास नाही, सर नाहीत, सगळा अभ्यास स्वतःच ठरवलेला. रोज एक स्टडी, म्हणजे दुसरं एखादं चित्र समोर ठेवून केलेलं सरावाचं चित्र, आणि रोजची खूण करायला एक अॅप, त्यात २१२ दिवस सलग झालेले. पुढच्या दिवशी ताप आला, साखळी तुटली, आकडा शून्यावर आला, आणि त्यानंतर तीन आठवडे तिने पेनला हात लावला नव्हता. माझ्याकडे ती आली ती झोप लागत नाही म्हणून, चित्रांचा विषय अर्ध्या तासाने निघाला आणि तो पण असा काही लाजत की जणू चोरीच कबूल करतेय.

आधी मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. दोन आठवडे किंवा जास्त सगळ्याच गोष्टीतून मन उडालंय का, भूक कशी आहे, कामात लक्ष लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. कारण तसं काही असेल तर रेफरन्स (समोर ठेवून बघायचं चित्र) आणि लेयरच्या (टॅबलेटवर एकावर एक ठेवायचे चित्राचे थर) गप्पा मारत बसणं चूकच, तिथे वेगळे उपचार लागतात. तसं नव्हतं. ऑफिसात नीट चाललेलं, मैत्रिणींशी बोलणं होतं, फक्त रात्री दहा वाजत आले की पोटात गोळा यायचा.

मग मी घोडचूक केली. म्हणलं, "अगं आनंदासाठी काढ ना, रिझल्टचं टेन्शन कशाला घेतेस?" ती गप्प बसली. पुढच्या वेळी आली ती जरा तडकूनच, "मॅडम तुम्ही पण तेच म्हणालात जे घरचे म्हणतात. छंद म्हणून कर. मला छंद नकोय, मला यायला हवंय." बरोबर होतं तिचं, मी माफी मागितली. ज्याला खरंच शिकायचंय त्याला "एन्जॉय कर" म्हणणं आपल्याला मायेचं वाटतं पण त्याच्यापर्यंत पोचतं ते "तुझ्याकडून फार काही अपेक्षा नाहीये" असं.

मला स्वतःला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, हेही तिला सांगून टाकलं, आणि म्हणलं पुढच्या वेळी टॅबलेट घेऊन ये, माझ्यासमोर एक स्टडी कर, मी नुसती बघत बसते.

तिने तिच्या आवडत्या आर्टिस्टचं एक पोर्ट्रेट उघडलं. ते खालच्या लेयरवर ठेवलं, फिकट केलं, वर नवीन लेयर घेऊन बाहेरची रेघ गिरवली. मग कलर पिकरने मूळ चित्रातून एकेक रंग उचलायचा आणि त्या त्या जागी लावायचा. मग झूम, इतका की एका डोळ्याने अख्खी स्क्रीन व्यापली. एक स्ट्रोक, दोन बोटांनी टॅप करून अनडू, परत स्ट्रोक, परत अनडू. मी वहीत बारीक रेघा मारत मोजत होते, चाळीसनंतर सोडून दिलं. अर्ध्या तासाने एक फारच देखणा डोळा तयार झाला आणि बाकी चेहरा कोरा. म्हणाली, "बघा, असंच होतं रोज."

मी म्हणलं आता मूळ चित्र बंद कर आणि तोच डोळा शेजारी कोऱ्या जागेवर काढ.

तिला सुरुवातच करता येईना. वाईट आला असता तर काही वाटलं नसतं मला, पण पेन स्क्रीनच्या वर नुसतं तरंगत होतं. "कुठून सुरू करू तेच कळत नाहीये," म्हणाली आणि रडायला लागली. मलाही वाईट वाटलं, की हे आत्ताच करायला सांगायची काय घाई होती.

पण त्या रडण्यातून जे बाहेर आलं ते महत्त्वाचं होतं. २१२ दिवस तिने मेहनत केली होती यात शंकाच नाही, आळस नव्हता, हातही चांगला होता (तो डोळा बघितलाय मी), फक्त त्या मेहनतीत निर्णय एकही तिचा नव्हता. सावली कुठे संपते, गाल किती गडद, कुठला रंग थंड आणि कुठला उबदार, हे सगळं मूळ चित्रकाराने ठरवलेलं आणि ही ते उचलून आणत होती. आणि रोज रात्री ती स्वतःला मार्क द्यायची ते आजचं चित्र दिसतं कसं यावर. गिरवलं की छान दिसायचं, म्हणजे आज शिकले. कधी चुकून नजरेने काढायला गेली की वाकडं यायचं, म्हणजे आज वाया गेला. मीटरच उलटं लावलेलं.

तिला वाटलं मी कॉपी करण्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. व्हॅन गॉगने १८८० मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा चार्ल्स बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या ड्रॉइंगच्या नमुन्यांच्या कॉप्या करूनच सुरुवात केली, आणि शेवटच्या वर्षी, १८९० मध्ये, परत त्याच नमुन्यांकडे वळला. पण मला त्याने मिले या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून केलेल्या कॉप्या जास्त बोलक्या वाटतात. १८८९-९० मध्ये त्याच्यासमोर मिलेच्या चित्रांचे काळे-पांढरे छाप होते आणि त्यावरून त्याने रंगीत चित्रं केली. म्हणजे आकार, रचना मिलेची, पण प्रत्येक रंग ह्यालाच ठरवावा लागला. हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याच्याकडे कलर पिकर नव्हता, सुटला तो."

माझ्याकडे एक आकृती असते, वेगळ्याच कामासाठी वापरते मी ती, चिडलेल्या जोडप्यांना "तुला दिसलं तेच खरं असेल असं नाही" हे सांगायला. नजरेवर संशोधन करणाऱ्या एडवर्ड एडेलसनची १९९५ मधली, बुद्धिबळासारखा पट, त्यावर एका नळकांड्याची सावली, आणि दोन चौकोन, एक काळपट दिसतो एक पांढरट, आणि प्रत्यक्षात दोन्हीचा करडा रंग तंतोतंत एकच. तिचा विश्वास बसेना, टॅबलेटमध्ये घेऊन दोन्ही चौकोनांवर पिकर लावला, सारखाच निघाला, आणि त्या दिवशी ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली.

तिथून तिनेच नियम काढला, मी नाही. आधी नजरेने अंदाज, तो रंग बाजूला एका ठिपक्यात लावायचा, मगच पिकरने खरा रंग बघायचा, आणि दोघात फरक कुठल्या दिशेने आहे ते एका ओळीत लिहायचं. जास्त गडद? जास्त भडक? जास्त पिवळा? एका आठवड्याने वही घेऊन आली. "मॅडम मी सावलीत कायम काळा घालते, आणि डोळ्याचं पांढरं मी पांढरंशुभ्र करते, ते एकदाही तसं निघालं नाही, प्रत्येक वेळी करडंच निघालं." तेव्हा मला वाटलं की हिला आता माझी फारशी गरज नाही. सात महिन्यात पहिल्यांदा तिला स्वतःची चूक नावानिशी माहीत झाली होती, "मला येत नाही" एवढ्या ढोबळ शब्दात नाही.

आठवणीतून काढणं मात्र मी सुचवलं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांनी उतारे काही जणांनी पुन्हा पुन्हा वाचले आणि काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. आता तो प्रयोग उताऱ्यांचा होता, चित्रांचा नाही, म्हणून मी तिला "करून बघ" एवढंच म्हणलं. पंधरा मिनिटं रेफरन्स बघून, न गिरवता. मग रेफरन्स बंद, दहा मिनिटं आठवणीतून. मग परत उघडून शेजारी ठेवायचं.

ते दहा मिनिटांचं चित्र भयाण दिसतं. दिसणारच. तिला ते पुसून टाकायची इतकी घाई व्हायची की आम्ही ठरवलं, पुसायचं नाही, फाइलवर तारीख टाकायची आणि महिन्यातून एकदाच उघडायचं. खरं सांगायचं तर समुपदेशनाचं काम एवढंच होतं, वाईट दिसणाऱ्या चित्रासमोर दहा मिनिटं न पळता बसणं. आणि एक फोल्डर केलं, त्याला नाव दिलं "दाखवायचं नाही". याआधी प्रत्येक स्टडी ती पोस्ट करायची, आणि जी पोस्ट करायची आहे ती स्टडी राहतच नाही, ती परीक्षा होते, हे माझं मत, तिला ते पूर्ण पटलं नाही पण तिने फोल्डर केलं.

एका बाबतीत मी हरले. मी म्हणलं पहिली दहा मिनिटं अनडू बंद ठेव. ती म्हणाली, अनडू वापरायचंच नसेल तर डिजिटल करू कशाला, कागद काय वाईट आहे. मुद्दा होता तिचा. मग तिने तोडगा काढला, अनडू चालेल पण झूम नाही. काडेपेटीएवढ्या चौकोनात, मोठ्यात मोठा ब्रश, फक्त तीन करडे, उजेड मधला आणि सावली, संपला विषय. एवढ्या छोट्या जागेत पापणी काढताच येत नाही म्हणून मग आपोआप आधी मोठे आकार बघावे लागतात. मध्ये मध्ये कॅनव्हास आरशात दिसतो तसा आडवा पलटवायचा म्हणजे वाकडा चेहरा लगेच दिसतो. हे सगळं तिने मला शिकवलं.

"आता महिनाभर फक्त डोळे, मग महिनाभर नाक" असाही प्लॅन होता तिचा. यावर कॉर्नेल आणि ब्योर्क यांचा २००८ चा अभ्यास मला आवडतो कारण तो चित्रांवरच आहे. १२ चित्रकारांची चित्रं लोकांना दाखवली, काहींची ओळीने एकाच चित्रकाराची, काहींची सरमिसळ करून. नवीन चित्र बघून हे कोणाचं ते ओळखायला सरमिसळ जास्त कामी आली, पण बहुतेक लोकांना वाटत राहिलं की ओळीने बघितलं तेच बरं होतं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे शिकतेय असं वाटतं तेव्हा शिकत नसते आणि नाही वाटत तेव्हा शिकते? मग मी विश्वास कशावर ठेवू?" मी म्हणलं वहीवर. बरं, हे प्रत्येक वेळी उलटंच असतं असं नाही, पण त्या रात्रीच्या फीलिंगवर अख्खा निकाल लावू नको एवढंच.

साखळीचं काय ते राहिलं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, ९६ लोक, १२ आठवडे, खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस तर कोणाला अंदाजाने २५४, मधला आकडा ६६, आणि एखादा दिवस चुकल्याने सवयीवर म्हणावा असा परिणाम झाला नाही. हा शेवटचा भाग तिने मला दोनदा सांगायला लावला. अॅप काढ असं मी म्हणले नाही. तिनेच काढलं, आठवड्यातून चार दिवस ठरवले, २५ मिनिटांचा टायमर, तो वाजला की बंद. पूर्वी रात्री एक वाजेपर्यंत बसायची, आता साडेदहाला उठायला लागली, आणि झोप सुधारली त्यातलं अर्धं श्रेय त्या टायमरचं आहे, माझं नाही.

सहाव्या आठवड्यात घसरली. कुणा सोळा वर्षांच्या मुलाचं काम बघितलं, खचली, आणि चार रात्री परत गिरवत बसली. मला सांगताना मान खाली. मी विचारलं काय मिळालं त्यातून, म्हणाली छान दिसलं, शांत वाटलं. मग असू दे की. त्याला आम्ही आरामाचे दिवस म्हणलं, फक्त ते वहीत स्टडी म्हणून लिहायचे नाहीत. मनगट दुखतं असंही तेव्हाच म्हणाली, त्यासाठी सरळ डॉक्टरकडे पाठवलं, ते दुखणं मनाचं समजून अंगावर काढू नका कोणी.

शेवटच्या सेशनला तिने टॅबलेट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "तुमचा डावा हात काढा." मी नको नको म्हणत काढला, पाच दांडकी एका पोळपाटाला चिकटवल्यासारखी. तिने बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही हाताकडे एकदाच बघितलंत मॅडम. तुम्हाला माहीत असलेला हात काढलात. आता बोटं काढूच नका, बोटांच्या मधल्या फटी काढा." दुसरा निदान हात वाटत होता, अंगठा सोडून. मी दोन बोटं उचलली, अनडू करायला. तिने टॅबलेट ओढून घेतला, फाइलला तारीख टाकली आणि सेव्ह केलं.