खेळात शरीर तयार असले तरी मनाचे बळ किती लागते?

खेळाडूचे शरीर तयार असेल तर मानसिक बळाला किती महत्त्व उरते, आणि ‘मनाने कमी पडला’ हे पराभवानंतर शोधलेले कारण तर नसते ना, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे रायफल नेमबाजी केली, जिल्हा पातळीच्या फारसा पुढे न जाता. तरीही उत्तर याच खेळातून देतो, कारण मन कोणत्या क्षणी दगा देते हे येथे दशांश गुणांत दिसते.

नेमबाजीला शरीर लागत नाही, हा गैरसमज आहे. ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात आठ किलोपर्यंत वजनाची रायफल गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने धरायची असते, आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पाठ थकली की होल्ड, म्हणजे रायफलची स्थिर धरण, हलू लागतो. तेथे निर्धार कामी येत नाही.

आता अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचे पाहा. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात एकच गोळी उरली असताना तो तीन गुणांनी पुढे होता, आणि ती गोळी त्याने शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारली. एरवी तो आधी लेनचा क्रमांक पाहत असे आणि मग रायफल खाली लक्ष्यावर आणत असे. त्या वेळी स्वतःला शांत ठेवण्याकडेच सगळे लक्ष गेल्यामुळे ती पायरी राहून गेली, असे त्यानेच नंतर सांगितले. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा आघाडी, पुन्हा शेवटची गोळी: रायफल लक्ष्यावर स्थिरावण्यापूर्वीच चाप ओढला गेला, ४.४ गुण मिळाले आणि तो चौथा आला. अथेन्सला आणि बीजिंगला प्रोन (फक्त पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात पदक मिळवणाऱ्या या माणसाच्या शरीरात किंवा कौशल्यात काय उणे होते?

म्हणूनच ‘शांत राहा’ हा प्रशिक्षकांचा लाडका सल्ला मला निरुपयोगी वाटतो. माझ्या मते मानसिक बळ म्हणजे छाती धडधडत असतानाही ठरलेला क्रम न मोडणे. बीजिंगलाच १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीआधी अभिनव बिंद्राची चाचणीची गोळी चार गुणांच्या आसपास गेली. साइट, म्हणजे रायफलवरचे नेम धरण्याचे साधन, हलली होती. त्याने हाताशी असलेल्या थोड्या वेळात ती पुन्हा जुळवली आणि अंतिम फेरी सुरू केली. शेवटच्या गोळीपूर्वी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेनची गोळी ९.७ ची, बिंद्राची १०.८ ची.

हा क्रम अंगवळणी पाडण्यासाठी नेमबाज गोळी न भरता ‘ड्राय’ सराव करतात: पाय, खांदा, गाल, श्वास, नेम, चाप, आणि चाप ओढल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवणे. काही खटकले तर रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दिसायला सोपे असले तरी घड्याळ चालू असताना रायफल खाली घेण्याइतके अवघड दुसरे काही नाही.

आपल्या शंकेत तथ्य आहे: पुष्कळदा ‘मनाने कमी पडला’ ही सबबच असते, आणि खरे कारण अपुरा सराव हे असते. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत नीलिंगनंतर (गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्यांनंतर) सहावा होता आणि शेवटी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन गेला. थकवणारी उभ्याची फेरी सर्वांत शेवटी असते, त्यामुळे तेथे पाठ आणि मन यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही.