गहू लोळतोय, फळ फुगत नाही: खताचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दरवर्षी डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत) आणि युरिया (फक्त नत्र) देता, गहू काळपट हिरवा वाढतो पण लोळतो आणि दाणा बारीक राहतो. तीच खतं बागेला दिली तर पाला भरपूर, फळ मात्र लहान. माझ्या मते दोन्हीकडे एकच घोळ आहे: नत्र (नायट्रोजन) जास्त, पालाश (पोटॅश) शून्य. पीक हिरवंगार दिसतं म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० (किलो नत्र:स्फुरद:पालाश) मात्रा धरून पाहू. ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) डीएपीतून द्यायचं तर सुमारे १३० किलो डीएपी लागेल. त्यातच २३ किलो नत्र येतं, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते वजा न करता वर पूर्ण युरिया टाकला जातो. उरलेल्या ९७ किलोंसाठी २१० किलो युरिया पुरतो. पालाशासाठी एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश) साधारण ६७ किलो. युरिया एका दमात टाकू नका, आणि कोरड्या तापलेल्या जमिनीवर तर मुळीच फेकू नका; अमोनिया होऊन उडून जातो. मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या.

आता डीएपीबद्दल एक गोष्ट, जी फारसं कुणी बोलत नाही. त्यात गंधक जवळजवळ नसतं. तेवढंच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर ३७५ किलो खत ओढावं लागतं, पण त्याबरोबर ४० किलोच्या आसपास गंधक आणि वर कॅल्शियमही जमिनीत जातं. पोती वाहायचा कंटाळा येतो हे खरं, पण गंधकाची कमतरता असलेल्या रानात मी सुपरच सुचवेन. जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट द्या, फक्त ते डीएपीत कालवू नका. स्फुरदाशी बांधलं जाऊन पडून राहतं.

धान्य आणि फळबाग यांना एकच मिश्रण का चालत नाही? गहू-भात उचलतात त्यातला बहुतेक पालाश काडात राहतो, तर फळझाडाचा बराचसा फळाबरोबर बागेबाहेर जातो. (काड रानाबाहेर नेत असाल तर तोही गेलाच.) म्हणून फळधारणेनंतर नत्राचा हात आखडता घ्या आणि फुगवणीच्या वेळी पालाश वाढवा. द्राक्ष, लिंबूवर्गीय पिकं किंवा खारवट जमीन असेल तर एमओपीऐवजी एसओपी (सल्फेट ऑफ पोटॅश) घ्या, एमओपीतल्या क्लोराइडचा त्रास टळतो. पण पोटॅश चांगलं म्हणून घमेली ओतू नका. जास्त झालं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम उचललं जात नाही. फळाला तडे जात असतील तर बोरॉन, कॅल्शियम बघाच, पण आधी पाण्याच्या पाळ्या तपासा. खत खोडाशी घालू नका. अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे बांगडी पद्धतीने, म्हणजे झाडाभोवती गोल, द्या.

पानं नीट बघितली तर बरंच कळतं. खालची जुनी पानं शेंड्याकडून पिवळी पडत आली तर नत्र कमी. जुन्याच पानांच्या कडा करपल्या तर पालाश. नवीन पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर बहुधा लोह; त्यावर युरिया टाकून उपयोग नाही. चुनखडीच्या जमिनीत लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह पिकाला मिळेल असं धरून ठेवणारं खत) टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं लागतं.

पुढचं पोतं फोडण्याआधी माती तपासा. गव्हाच्या रानात व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खड्डा घेऊन, बांध आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडून, नागमोडी फिरत नमुने घ्या. बागेत त्याहून खोल, थराथराने वेगळे. अहवाल आला की सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश आणि जस्ताचे आकडे इथे टाका. बाग कसली, झाडांचं वय किती हेही लिहा, त्याशिवाय झाडामागे किती ग्रॅम ते सांगता येणार नाही.