माडाची चुडतं करपलीत? आधी पाती उलटी करून बघा

माडाची खालची चुडतं, म्हणजे झावळ्या, दुरून होरपळल्यासारखी दिसतात आणि पाणी-खत वाढवूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना मला गोव्यातल्या डिचोलीतलं आमचं कुळागरच, म्हणजे माडांची बागच दिसली.

चुडताची पाती उलटी करा. खाली तपकिरी भुशाची, जाळ्याने विणलेली नळी दिसेल. मी केरसुणीच्या हिराने ती फोडली तेव्हा हिरवट अंगाची, तपकिरी पट्ट्यांची, काळ्या डोक्याची अळी वळवळत मागे सरकली. ती एका लहान राखाडी पतंगाची. पंख पसरले तरी जेमतेम इंचभर, त्यामुळे तो सहसा नजरेस पडत नाही. अंडं पाच-सहा दिवस, अळी चाळीसेक दिवस, मग त्याच नळीत बारा-एक दिवस कोश. म्हणजे सुमारे दोन महिन्यांत नवी पिढी.

ते दोन महिने मी फुकट घालवले. जानेवारीत एका कार्यालयात चुडताचा तुकडा घेऊन गेलो. नाव लिहीत नाही. टेबलावर तो तसाच सरळ पडून राहिला, कुणी हात लावून उलटा केला नाही. ‘करपा आहे, बोर्डो मारा’ म्हणाले. बोर्डो हे बुरशीवरचं औषध, अळीला त्याचं काय! मार्चमध्ये वरची चुडतंही गेली. मग घाबरून मी कीटकनाशक फवारलं, आणि ही चूक माझी स्वतःची. या अळीवर जगणारे बारीक गांधील असतात. त्यातल्याच गोनिओझस नावाच्या गांधिलाची मादी अळीला डंख मारून निपचित करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्लांची राखण करत तिथेच थांबते. फवाऱ्यात ते आधी मेले. माझ्या मते माडावर सरसकट फवारा मारूच नये.

मी कृषितज्ज्ञ नाही, चाळीस माडांचा अनुभव सांगतोय. खालची जास्त लागलेली दोन-तीन चुडतं कापून जाळा, विणायला कुणाला देऊ नका. अळी त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या बागेत जाते. पाडेली नारळ काढायला येईल त्याच दिवशी कापून घ्या, दुसऱ्यांदा तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. गोनिओझस सोडायचे असतील तर आधी नळ्या फोडून बघा. त्यांना बऱ्यापैकी वाढलेली अळी लागते, अगदी बारीक असेल तर थोडं थांबा. पावसाळ्यात जोर ओसरतो, पण उन्हाळा अजून पुढे आहे. उद्या सकाळीच पाती बघा आणि उलट्या बाजूचा फोटो टाका.