हा शब्द तुझ्या शीटमध्ये आला कुठून?

अगं,

काल रात्री साडेबाराला तुझी लिंक आली आणि खाली मेसेज, "ताई ११४० कीवर्ड झालेत, आता कुठल्या ग्रुपला कुठला रंग देऊ?" एट्सीवर, म्हणजे हाताने बनवलेल्या वस्तूंच्या त्या ऑनलाइन बाजारात, तुझी क्रोशेची खेळणी शोधताना लोक जे टाइप करतील असे ११४० शब्द! मी अर्धवट झोपेत शीट उघडली आणि झोप गेली ती गेलीच. सहा टॅब, हलके हलके रंग, फ्रीझ केलेली पहिली ओळ, वर ड्रॉपडाउनसुद्धा. माझ्या कुठल्याही शीटपेक्षा देखणी आहे, कबूल. पण स्क्रोल करता करता ३१२ नंबरच्या ओळीवर अडकले. तिथे 'ऑरगॅनिक कॉटन बेबी टॉय' लिहिलंयस. आता तू ज्या धाग्याने ते ऑक्टोपस विणतेस तो गुंडा मागच्या महिन्यात माझ्याच हातात दिला होतास, लेबलवर ॲक्रिलिक लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. मग हा शब्द आला कुठून?

सकाळी फोनवर विचारलं तर म्हणालीस, "दुसऱ्या कुठल्यातरी शॉपच्या टायटलमधून असेल, किंवा त्या चॅटबॉटने दिला असेल, आठवत नाही गं." हे 'आठवत नाही' ऐकलं म्हणून हे पत्र. तू छान विणतेस, धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाहीये, ते तुलाही माहितीये आणि मलाही, उगाच कशाला शब्द घालवायचे.

रंग राहू दे. आधी एक कॉलम घाल. शब्दाला चिकटून, लगेच उजवीकडे, 'कुठून आला'. त्याच्या शेजारी तारीख. हे दोन भरल्याशिवाय बाकी काही भरायचं नाही. 'कुठून' लिहिता येत नसेल तर ती ओळ उडवायची, कितीही गोड शब्द असला तरी. जिवावर येईल, माहितीये.

इतकी का मागे लागलेय सांगते. माझ्या हाताने बांधलेल्या वह्यांच्या दुकानात तेव्हा ६४ लिस्टिंग होत्या, म्हणजे विकायला मांडलेल्या ६४ वस्तू, आणि शीटमध्ये २२०० शब्द. अर्धे एका कोर्सवाल्यांनी दिलेल्या 'तयार यादी'तले, उरलेले इकडून तिकडून उचललेले, कुठलं कुठून काही पत्ता नाही. एका रात्रीत चहावर चहा पीत मी ६४ च्या ६४ लिस्टिंगचे टायटल आणि टॅग, म्हणजे शोधात सापडावी म्हणून वस्तूला जोडलेले शब्द, बदलून टाकले, आणि जुने काय होते ते कुठेही उतरवून ठेवलं नाही, कारण डोक्यात हेच की जुने चुकीचे आहेत म्हणून तर बदलतेय, चुकीचं जपून काय करायचंय. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत व्ह्यूज आटले. टॅगमुळे आटले का सीझन उतरला म्हणून आटले, का नवीन टायटल लोकांना कळेनात, मला आजही सांगता येत नाही. नुकसान भरून निघालं गं पुढे. पण का झालं ते शोधायची वाटच मी माझ्या हाताने बुजवून टाकली होती, ते अजून टोचतं. परत जायचं तरी कुठे, जुनं काही शिल्लकच नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, एका वेळी तीन-चार लिस्टिंग, आधीचे १३ टॅग कॉपी करून तारखेसकट बाजूला, मग बदल, मग महिनाभर हात लावायचा नाही. लोक हसतात. हसू देत.

आता तुझा तो 'व्हॉल्यूम' कॉलम, शब्द किती शोधला जातो तो. त्यात एका ओळीत ७२ आहे, खालच्या ओळीत '१०० ते १ हजार', त्याखाली ४४००, आणि तू त्यावर सॉर्ट मारलंयस! अगं ते ७२ गुगल ट्रेंड्सचं दिसतंय मला. ट्रेंड्सवर ० ते १०० असतं, म्हणजे तू निवडलेल्या काळात आणि जागेत तो शब्द सगळ्यात जास्त जेव्हा चालला ते १००, बाकी त्याच्या हिशोबाने. ७२ म्हणजे ७२ माणसं नव्हेत. आणि दोन शब्द वेगवेगळे बघून आलेले आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, एकत्र टाकून बघितले तरच. '१०० ते १ हजार' हे कीवर्ड प्लॅनरचं, गुगलच्या जाहिरातवाल्या टूलचं, जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या अकाउंटला तो असे ढोबळ पट्टेच दाखवतो. आणि ४४०० कुठलं? चॅटबॉटचं? त्याला विचारलंस का बाबा तू हे कुठे मोजलंस? तो शब्द सुचवू शकतो, चांगले सुचवतो कधीकधी, मीही विचारते. पण आकडा नुसता विचारलास तर तो अंदाजाने ठोकून देतो, आणि देतो इतक्या आत्मविश्वासाने की आपण मान डोलावतो. त्याच्याकडून आलेल्या शब्दासमोर 'चॅटबॉट, तपासला नाही' असं लिही, आणि आकडा कोरा ठेव. कोऱ्या खान्याची लाज कसली वाटते तुम्हा लोकांना?

अजून एक, आणि इथे मी खरंच वैतागले. प्लॅनरमध्ये 'कॉम्पिटिशन' कॉलममध्ये 'हाय' दिसलं म्हणून तू ऐंशी-एक शब्द लाल करून बाद केलेस. ती कॉम्पिटिशन जाहिरात देणाऱ्यांची आहे. त्या शब्दावर किती जण पैसे लावायला तयार आहेत एवढंच ते सांगतं, न पैसे देता वर यायला किती अवघड आहे ते नाही. उलट लोक पैसे लावतायत म्हणजे तिथे विकत घेणारे येतात असाही अर्थ होतो. 'कुठून आला' कॉलम असता तर तुला निदान कळलं असतं की हा रंग मी कशाच्या जोरावर दिलाय. आता ते ऐंशी परत बघ.

खरे शब्द कुठे मिळतात ते तुला माहितीये, तू फक्त त्यांना कमी लेखतेस कारण ते थोडे असतात. एट्सीच्या स्टॅट्समध्ये लोक काय टाइप करून तुझ्यापर्यंत आले ते दिसतं. तुझ्या वेबसाइटचं गुगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये दिसतं, क्लिक किती, नुसती दिसलीस किती वेळा, सरासरी कितव्या नंबरवर. त्यातही खोच आहे, ज्या शब्दांवर तू आधीच दिसतेस तेच तिथे येणार, ज्यावर तू कुठेच नाहीस ते येणार नाहीत. आणि खूप कमी लोकांनी टाकलेले सर्च ते प्रायव्हसीसाठी लपवतात. आणि हे नीट ऐक, सर्च कन्सोल १६ महिन्यांचंच ठेवतो. त्यामागचं पुसलं जातं. मी पहिली दोन वर्षं कधी डाउनलोड केलंच नाही, म्हटलं आहे की तिथे, कुठे पळतंय. पळालं. त्यामुळे दर तीन महिन्यांनी एक्सपोर्ट मार, एका वेळी १००० ओळी मिळतात, तुला सध्या पुरून उरतील, फाइलच्या नावात तारीख घाल. मग दोन वर्षांनी तुला तुझंच दुकान वाचता येईल.

सर्च बॉक्समध्ये टाइप करताना खाली येतात ते सुचलेले शब्दही चांगले, पण तू कुठून बघतेस, कुठल्या भाषेत, आधी काय शोधलं होतंस, त्यावर ते बदलतात. तू दिवसभर क्रोशे क्रोशे शोधतेस, तुला तो क्रोशेच दाखवणार ना. इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझर तुझे जुने सर्च धरत नाही त्या खिडकीत, बघ आणि तसं लिही, 'सर्च बॉक्स, इन्कॉग्निटो, अमुक तारीख'. चार शब्द टाइप करायला किती वेळ लागतो?

आणि तुझ्या शीटमध्ये 'अमिगुरुमी' १९० वेळा आहे. मोजलं मी, रिकामटेकडी आहे ना. हा शब्द कुठून आला ते मात्र मला न विचारता कळतं, तो तुझ्यातून आला. विणलेल्या छोट्या खेळण्यांसाठी विणणाऱ्यांचा शब्द आहे. विणणाऱ्या बायका तो शोधतील, पण त्यांना बऱ्याचदा पॅटर्न हवा असतो, तयार खेळणं कशाला घेतील, त्या स्वतःच विणतील. तू पॅटर्न विकतेस का? नाही. मग १९० कशाला?

हसू नकोस, मी याहून वाईट केलंय. माझ्या वह्या कॉप्टिक पद्धतीने शिवलेल्या, कण्यावर साखळीसारखी वीण उघडी दिसते, मला तिचा भयंकर अभिमान. एट्सीच्या टॅगला २० अक्षरांची मर्यादा, स्पेस धरून. 'कॉप्टिक स्टिच जर्नल' इंग्रजीत टाइप केलं की २१ होतात. एका अक्षराने! अख्खी संध्याकाळ चरफडले आणि मग 'कॉप्टिक बाउंड जर्नल' सापडलं, बरोब्बर २०, लॉटरी लागल्यासारखी नाचले. वर्षभर तो टॅग सगळ्या वह्यांवर मिरवला, त्यावरून किती जण आले सांगू? बोटं सुद्धा लागणार नाहीत मोजायला. आणि तेव्हाच इनबॉक्समध्ये लोक विचारत होते, "ही वही टेबलावर पूर्ण सपाट राहते का? मला दोन्ही पानांवर मिळून चित्र काढायचंय." एकीने नाही, चौघा-पाच जणांनी. कॉप्टिक शिवण असते कशासाठी, वही सपाट उघडावी म्हणूनच ना! मी प्रत्येकाला प्रेमाने "हो राहते" असं उत्तर देत बसले आणि त्यांचे शब्द कुठेही उतरवले नाहीत. 'ले फ्लॅट स्केचबुक', इंग्रजीत १९ अक्षरं, आरामात बसत होतं. आज माझ्या शीटमध्ये त्याच्यासमोर लिहिलंय 'इनबॉक्स, ५ जण'. तारखा जुन्या मेसेजवरून नंतर भरल्या.

म्हणून तुझे ग्रुप रंगाने पाडू नकोस आणि 'छोटे कीवर्ड, लांब कीवर्ड' असे तर मुळीच नको, ते कुणाच्या कामाचे? माणसाला काय हवंय त्यावर पाड. एकाला वस्तू माहितीये, ऑक्टोपसच हवा. दुसऱ्याला वस्तू माहीत नाही पण कुणासाठी ते माहितीये, नवीन बाळासाठी काहीतरी. तिसऱ्याला खोलीच्या रंगाला जुळणारं हवंय. ही तीन वेगळी माणसं आहेत आणि त्यांना फोटोसुद्धा वेगळा लागतो. मग प्रत्येक लिस्टिंगसमोर ठरव की ही मुख्यतः कुणासाठी उभी आहे, आणि तिचे १३ टॅग तसे भर. कॅटेगरी आणि ॲट्रिब्यूट (रंगासारखे ठरलेले खाने) एट्सी टॅगसारखेच धरतं, त्यामुळे रंग तिथे निवडलास की परत तोच रंग एकटा टॅगमध्ये घालून एक जागा फुकट घालवू नकोस. वेबसाइटवर एकाच शब्दासाठी चार पानं उभी करू नकोस, गुगलला कळत नाही कुठलं पुढे करू. आणि वेबसाइटच्या मेटा कीवर्डच्या, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या, खान्यात तू जे ६० शब्द कोंबलेस ते काढ नाहीतर ठेव, गुगलने २००९ मध्येच सांगितलंय की ते रँकिंगसाठी बघत नाहीत.

आणि जे वस्तूबद्दल खरं नाही ते काढच. ती ३१२ वी ओळ. त्या शब्दावरून येणारी आई बाळ तोंडात घालेल म्हणून शोधत असते, तिला ॲक्रिलिक पोचलं तर रिव्ह्यू सोड, तिचा विश्वास गेला. शब्द दुसऱ्याच्या दुकानातून आला की त्याची वस्तू पण तुझ्याकडे येत नाही ना सोबत.

माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं आहे की मी शीटच्या नादात वह्या कमी बांधल्या. ती कधीच काही लिहून ठेवायची नाही, जे सुचेल ते टायटल, आणि तिचं दुकान माझ्यापेक्षा मोठं झालं. हे तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. आम्ही यावरून भांडलोय, सहा महिने बोलत नव्हतो. तिचा हात चांगला आहे, फोटो फार सुंदर असतात, नशीबही म्हणेन मी थोडं. पण तिला विचार की हे चालतंय ते का चालतंय, ती खांदे उडवते. मला तसं जगता येत नाही. हा माझ्या स्वभावाचा दोष असेल, असू दे. आणि तूही माझ्यासारखीच आहेस, नाहीतर रात्री साडेबाराला ड्रॉपडाउन बनवत बसली नसतीस, त्यामुळे तुला तिचा सल्ला देऊन उपयोग नाही.

११४० नको मला. ही शीट पूर्ण होईल हेही मनातून काढ, गुगल स्वतः कित्येक वर्षं सांगतंय की रोजच्या सर्चमधले साधारण १५ टक्के आधी कधीच न झालेले असतात, तू कुठवर पुरणार? रविवारपर्यंत ४० ओळी पाठव. चाळीसच. प्रत्येकीसमोर कुठून आणि कधी. जुनी शीट डिलीट करू नकोस, नाव बदलून बाजूला ठेव, मी केलं ते तू करू नकोस.

आणि हो, फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालीस, की एका बाईंनी मेसेज केलाय, "तो लांब लांब पायांचा ऑक्टोपस आहे ना, बाळ दूध पिताना धरून ठेवतं तसला, तो हवाय." मी सकाळपासून तुझ्या सहाही टॅबमध्ये शोधतेय. 'लांब पाय' नाही, 'धरून ठेवतं' नाही, 'दूध पिताना' नाही. ते वाक्य जसंच्या तसं पहिल्या ओळीत टाक. तारीख मेसेजवर असेल.

तुझी,
ताई