थर्मिऑनिक उत्सर्जनावरून अतिउच्च तापमान मोजता येतं का? जालन्याच्या स्टील भट्टीत चालेल का?

भट्टीचं आधी सांगतो: नाही चालणार. ही पद्धत, म्हणजे तापलेल्या धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावरून तापमान काढायची, निर्वात नळीतली आहे; तिथे टंगस्टनची तार तापवतात. हवेत एवढ्या तापमानाला टंगस्टनचा ऑक्साइड होऊन तो उडून जातो. जालन्यातल्या इंडक्शन भट्ट्यांत पोलाद १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याला प्लॅटिनम-ऱ्होडियमची टिप लावलेला लान्स (लांब दांडा) बुडवायचा, आकडा घ्यायचा, टिप फेकून द्यायची. यापेक्षा शहाणपणा करायची गरज नाही.

निर्वातात मात्र मजा आहे. टंगस्टनची तार २००० केल्विनला दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १ मिलिअँपिअर प्रवाह देते, २५०० ला ३०० च्या घरात! तिथे एका केल्विनच्या फरकानेही प्रवाह जवळपास १ टक्का हलतो. (अ‍ॅनोडचं, म्हणजे समोर इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पट्टीचं, व्होल्टेज पुरेसं हवं, नाहीतर तारेभोवती साचलेले इलेक्ट्रॉनच पुढच्यांना अडवतात.)

गोम रिचर्डसनच्या सूत्रातच आहे, म्हणजे तापमानावरून हा प्रवाह सांगणाऱ्या सूत्रात. त्यात तापमानाच्या जोडीला धातूचं कार्यफलनही (इलेक्ट्रॉनला धातूबाहेर पडायला लागणारी किमान ऊर्जा) बसलंय. टंगस्टनचं ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरतात, पण पृष्ठभागावर थोरियमचा पातळ थर आला की ते २.६ वर उतरतं. नुसती ०.१ ची चूक झाली, तरी २५०० केल्विनपाशी तापमान ५० केल्विनने चुकतं. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आपण डायोड व्हॉल्व्हवर (तापणारी तार आणि अ‍ॅनोड असलेली निर्वात नळी) हेच करतो, पण उलटं: तारेच्या रोधावरून किंवा वॅटवरून तापमान काढायचं आणि मग कार्यफलन. तेव्हा तेच कार्यफलन वापरून पुन्हा तापमान काढलंत, तर नवीन काहीच मोजलं नाही.

मला विचाराल तर अ‍ॅनोड ऋण करा. मग इलेक्ट्रॉनना चढ चढावा लागतो आणि जास्त ऊर्जेचेच पलीकडे पोचतात. समांतर सपाट पट्ट्या असतील, तर २५०० केल्विनला दर ०.२१५ व्होल्टमागे प्रवाह २.७ पटींनी घटतो. प्रवाहाचा लॉगॅरिदम व्होल्टेजसमोर मांडला की सरळ रेषा येते आणि तिचा उतार फक्त तापमानावर ठरतो. कार्यफलन कितीही असलं, तरी रेषा आडवी सरकते, उतार तोच राहतो.

तार वापरणार असाल तर तापवणारा प्रवाह क्षणभर तोडून वाचन घ्या. तो चालू असताना तारेच्या दोन टोकांत काही व्होल्टचा फरक असतो, आणि त्यापुढे ०.२१५ व्होल्टचा उतार पार पुसून जातो.