अजिंठ्याची घळ प्रथमच चढणाऱ्यांसाठी

पहिल्या जंगलवाटेसाठी तुम्ही अजिंठा निवडलात, याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक जण लेणी पाहून परततात. तुम्ही मात्र वाघूर नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या कड्यावरील व्ह्यू पॉइंटपर्यंत चढावे आणि उतरल्यावर नदीकाठाने फेरी पूर्ण करावी. नदीने घोड्याच्या नालेच्या आकारात कोरलेली घळ आणि तिच्या वळणावर ओळीने खोदलेली लेणी एका नजरेत सामावतात ती तिथूनच. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यालाही लेणी पलीकडच्या कड्यावरूनच दिसल्याचे सांगतात.

सोमवारी लेणी बंद असतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास जावे. तेव्हा रान हिरवे असते, मात्र वाळू लागलेल्या गवताची कुसळे मोज्यांत शिरतात, म्हणून पायघोळ पँट घालावी. शेवाळलेल्या काळ्या कातळावर आधी टाच न टेकवता पूर्ण तळवा एकदम ठेवावा. डोक्यावर आभाळ निरभ्र असले, तरी वरच्या पठारावर पाऊस पडत असेल तर नदीच्या पात्रात मुळीच उतरू नये, कारण अरुंद घळीत पाणी पाहता पाहता चढते.

सर्वांत जपायचे ते कड्यांवरच्या आग्या मोहोळांना. अत्तर लावू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच, तर हात न झाडता उपरण्याने तोंड झाकून तेथून झपाट्याने दूर व्हावे.